डॉक्टर "आता घरी न्या" म्हणले तर पुढं काय करायचं

कॅन्सरच्या पेशंटबद्दल डॉक्टर असं म्हणले की आपल्याकडं पहिल्याच आठवड्यात घरात दोन गोष्टी ठरतेत. एक म्हणजे पेशंटला काही सांगायचं नाही, अन् दुसरं, कोणीतरी पाव्हणा म्हणतो एक-दोन एकर रान काढू पण हैदराबादला नेऊ. दोन्हीला जरा थांबा.

आधी त्याच डॉक्टरकडं परत जा, पण सगळा गोतावळा घेऊन नाही, दोघंच जा, एकानं बोलायचं अन् एकानं वहीत लिहायचं. सरळ विचारा, साहेब ह्या ट्रीटमेंटनं आजार जाणारय का नुसता लांबणारय, अन् लांबला तर ते दिवस घरी उठून-बसून जातील का दवाखान्याच्या खाटंवर? रानाचं काय करायचं ते ह्याच्या उत्तरावर ठरवा, पाव्हण्याच्या बोलण्यावर नको. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं असंल तर जरूर दाखवा, संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, लातूर-धाराशिवकडचे लोक बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जातेत, काहीजण मुंबईला टाटाला. जाताना नुसती फाईल नेऊ नका, बायोप्सीचे (तपासायला काढलेल्या तुकड्याचे) ब्लॉक अन् काचेच्या स्लाइड पण लॅबमधून मागून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी माघारी यावं लागतं. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना रेल्वेत स्लीपर अन् थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला पण सवलत मिळते, फॉर्म हॉस्पिटलच भरून देतं. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) अ‍ॅडमिट होतानाच भेटा, बिल झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

आता सांगायचं का नाही. "आण्णांना कळलं तर खचतील" असं सगळेच म्हणतेत, पण आण्णा काय येडे नसतेत. कॅन्सर वॉर्डाचा बोर्ड त्यांनी वाचलेला असतो, सासरहून अचानक आलेल्या लेकीचे डोळे बघितलेले असतेत, ते फक्त तुम्हाला वाईट वाटंल म्हणून गप बसतेत. सगळं एकदम अंगावर ओतायची गरज नाही, एवढंच विचारा, "आण्णा, डॉक्टर काय म्हणले ते ऐकायचंय का, का मीच बघू?" तूच बघ म्हणले तर बरं, चार दिवसांनी परत विचारा. त्यांच्या मनात बांधाचा वाद असतो, कोणाला दिलेले हातउसने पैसे असतेत, धाकट्याचं लग्न असतं, ते बोलून घ्यायला वेळ पाहिजे ना. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्री सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतेत, फक्त ज्याला रान मिळणारय त्यालाच साक्षीदार करू नका, पुढं भांडणं होतेत. शेवटी व्हेंटिलेटर नको असं वाटत असंल तर तेपण आधी लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टानं २०१८ला मान्य केलंय अन् २०२३ला सोपं केलंय, त्याला दोन साक्षीदार अन् नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते.

दुखण्याचं मात्र अजिबात सोसत बसू नका. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं अन् त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरचं नाव विचारून घ्या. मॉर्फिनच्या गोळीला, म्हणजे जोरदार दुखणं थांबवणाऱ्या गोळीला, लोक लई घाबरतेत, सवय लागंल म्हणतेत, अहो ज्याला रात्रभर झोप नाही त्याच्या सवयीची काळजी काय करता? डॉक्टरनं सांगितलं तेवढीच द्या, पण घड्याळ लावून द्या, कण्हायला लागल्यावर नाही. ह्या गोळीनं संडासला घट्ट होतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. ही गोळी प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही, त्यामुळं संपायच्या चार-पाच दिवस आधीच आणायला निघा.

जेवणावरून घरात रोज कटकट होते. भूक जाणं हा आजाराचाच भाग आहे, तोंडात कोंबून ताकद येत नाही. पातळ कण्या, ताक, चमचाभर वरण, जे मागतील ते अन् मागतील तेव्हा. जडीबुटीवाले ह्याच काळात येतेत, त्यांची पुडी डॉक्टरला न दाखवता देऊ नका.

भेटायला येणाऱ्यांना दुपारचाच टाइम सांगा, वाईट वाटलं तर वाटू द्या. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या, सगळं एकट्या सुनंवर टाकू नका. पुण्याच्या भावानं पैसे पाठवले म्हणजे झालं असं नसतं, महिन्यातनं चार दिवस येऊन पेशंटचं अंग पुसावं, लघवी-संडासचं भांडं द्यावं, तेवढ्यात वहिनीला माहेरी जाऊन झोपू द्या.