तिजोरी, की फाइल आणि बॅकअप: कीपासएक्ससी नीट लावून घ्या

कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम. त्यात सगळे पासवर्ड एकाच एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) केडीबीएक्स फाइलमध्ये, म्हणजेच डेटाबेसमध्ये, राहतात. मास्टर पासवर्ड विसरलात तर ती उघडून देणारं कोणी नाही, म्हणून सुरुवातीची मांडणी घाई न करता करा.

'डेटाबेस' मेनूतून 'न्यू डेटाबेस' निवडा. नाव दिल्यावर डिक्रिप्शनला, म्हणजे फाइल उघडायला, किती वेळ लागावा ते विचारलं जातं. मुळात तो 1 सेकंद असतो, तो तसाच राहू द्या. पासवर्डपासून फाइलची किल्ली बनवणारं आर्गॉन2 हे गणित हा वेळ आणि त्यासोबत मेमरी मुद्दाम खर्च करतं, कारण पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाला तेवढीच किंमत मोजावी लागते. वेगवान डेस्कटॉपवर 5 सेकंद ठेवलेत, तर तीच फाइल जुन्या फोनवर उघडताना ताटकळत बसाल.

मास्टर पासवर्डसाठी स्वतः शब्द सुचवू नका. फासे टाकून शब्द काढायची डाइसवेअर पद्धत सगळ्यात भरवशाची: पाच फाशांमागे एक शब्द, यादीत 7776 शब्द, म्हणजे प्रत्येक शब्दामागे सुमारे 12.9 बिट इतकी अनिश्चितता. सहा शब्द पुरतात. फासे नसतील तर प्रोग्रॅममधल्या जनरेटरच्या 'पासफ्रेज' टॅबमधून काढा, पण आलेलं वाक्य आवडलं नाही म्हणून शब्द बदलत बसू नका. ते कागदावर लिहून जपून ठेवा आणि पहिला आठवडाभर रोज चार-पाच वेळा टाइप करा. बोटांना सवय लागली की विसरायची भीती बरीच कमी होते.

मास्टर पासवर्ड देता त्याच पानावर जादा संरक्षण म्हणून की फाइल, म्हणजे पासवर्डसोबत किल्लीसारखी लागणारी फाइल, जोडता येते. ती प्रोग्रॅमकडूनच तयार करून घ्या. कुठलीही फाइल चालते म्हणून काहीजण एखादा फोटो वापरतात, आणि तिथेच घात होतो. पुढे कधीतरी फोटो ॲपमध्ये तो नुसता फिरवून सेव्ह केला जातो. डोळ्यांना चित्र तेच दिसतं, पण आतले बाइट बदललेले असतात आणि तिजोरी उघडत नाही. एक बाइट बदलला तरी हेच होतं. की फाइल दोन पेन ड्राइव्हवर, दोन वेगळ्या जागी ठेवा. डेटाबेस क्लाउडवर असेल तर की फाइल त्या फोल्डरमध्ये कधीच नको. दोन्ही एकत्र हाती लागल्या तर की फाइल असून नसल्यासारखी.

बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हवरच्या की फाइलने तो उघडून एखादी नोंद आणि एखादी अटॅचमेंट पाहा. दोन संगणकांवर बदल होऊन सिंकमध्ये दोन प्रती झाल्या असतील, तर एक पुसू नका. 'मर्ज फ्रॉम डेटाबेस' वापरून एकत्र करा.

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत. तिच्या खाजगी की (लॉगिनसाठीच्या किल्ली-फाइल) सुद्धा इथे ठेवता येतात. सेटिंग्जमध्ये एसएसएच एजंट (लॉगिनच्या वेळी की पुरवणारा प्रोग्रॅम) चालू करा, नोंदीला की अटॅच करा आणि 'एसएसएच एजंट' टॅबमध्ये ती निवडा. नोंदीच्या पासवर्डच्या जागी त्या कीचाच पासफ्रेज (की उघडायचा पासवर्ड) हवा. अनेकजण तिथे सर्व्हरचा पासवर्ड टाकतात आणि की उघडत नाही. डेटाबेस लॉक होताच की एजंटमधून काढण्याचा पर्यायही निवडा.

एजंटमध्ये खूप की झाल्या की आणखी एक अडचण येते. एसएसएचसाठी सर्रास वापरला जाणारा ओपनएसएसएच सर्व्हर मुळात 6 प्रयत्नांची मर्यादा ठेवतो आणि एजंटने पुढे केलेली प्रत्येक की एक प्रयत्न धरली जाते, त्यामुळे योग्य कीची पाळी येण्याआधीच नकार मिळतो. अशा वेळी एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या सर्व्हरपुढे नेमकी की नमूद करा आणि 'आयडेंटिटीज ओन्ली' (फक्त नमूद केलेलीच की वापरा) हा पर्याय चालू करा.

मास्टर पासवर्ड बदललात तरी जुने बॅकअप जुन्याच पासवर्डने उघडतात. तो फुटला म्हणून बदलला असेल, तर जुन्या प्रती शोधून पुसा आणि बँक व ईमेलपासून सुरुवात करून आतले पासवर्डही बदला.