हप्ता खिशातून भरू नका: बडोद्यातल्या मायक्रोफायनान्सच्या नोकरीचा माझा अनुभव

आमच्या दांडिया बाजारातल्या दोन मुलांनी एकाच आठवड्यात विचारलं की दादा, मायक्रोफायनान्समध्ये फील्ड ऑफिसरची नोकरी घेऊ का, म्हणजे बायकांच्या गटांना तारणाशिवाय छोटी कर्जं द्यायची आणि वस्तीत जाऊन हप्ते गोळा करायचे ते काम, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. एकमेकींची हमी घेणाऱ्या बायकांचा ग्रुप कसा बनवायचा, सेंटरची (एका वस्तीतल्या अशा ग्रुपांची) मीटिंग कशी घ्यायची, केवायसीला काय लागतं हे ट्रेनिंगवाले दोन दिवसांत शिकवतात, ते इथे नाही लिहीत. जे शिकवत नाहीत तेच लिहितो, आणि त्यात मी चांगलाच भाजलोय.

आधी एक सांगतो, काम वाईट नाहीये. माझ्या सेंटरमधल्या अर्ध्या बायका आधी डायरीवर, म्हणजे रोज वसुली करणाऱ्या सावकाराकडून, पैसे उचलायच्या. हातात ९,००० मिळणार, रोज १०० रुपये, शंभर दिवस. ऐकायला किती सोपं वाटतं ना? पण मुद्दल रोज कमी होत जातं आणि १,००० मात्र पूर्ण जातात, वर्षाचा हिशोब लावला तर व्याज ऐंशी टक्क्यांच्या आसपास बसतं. त्याच्यासमोर आमचं चोवीस टक्क्यांचं कर्ज महागच आहे, पण खूपच कमी महाग. हे मला कोणत्या कोर्सने नाही शिकवलं, खंडेराव मार्केटमध्ये सकाळी पाचला एका मावशींच्या बाजूला पोत्यावर बसून शिकलो. नऊ हजारांचा सर्टिफिकेट कोर्स मीपण केला होता, इंटरव्ह्यूत कोणी त्याची फाइल उघडून बघितली नाही. पैसे वाचवा.

फॉर्मबद्दल थोडक्यात. आरबीआयच्या २०२२ च्या नियमाने घरचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलं तरच हे कर्ज मायक्रोफायनान्स धरतात, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या अर्ध्यावर जाता कामा नयेत. घर म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, त्यात दीर-जाऊ धरायचे नाहीत. आता सीनियर तुम्हाला सांगणार की आधी हप्ता लिही, मग त्यात बसेल असं उत्पन्न लिही. मलाही एकाने शिकवलं होतं, वर चहाही पाजला. जो सीनियर पहिल्याच आठवड्यात शॉर्टकट शिकवतो तो तुमचा गुरू नाही, त्याला स्वतःचं टार्गेट पूर्ण करायचंय.

आता मुद्द्याचं.

माझ्या एका सेंटरमध्ये नाश्त्याची लारी (हातगाडी) चालवणाऱ्या एक बेन होत्या. ४०,००० चं कर्ज, चोवीस महिने, हप्ता २,११५. कधी चुकला नाही. एकदा मुलगा दवाखान्यात होता म्हणून ६०० कमी पडले. त्या म्हणाल्या, "भाई, आजे तमे भरी दो ने, मंगळवारे आपी दईश." म्हणजे आज तुम्ही भरा, मंगळवारी देते. ब्रँचला शंभर टक्के कलेक्शनशिवाय परत यायचं नाही असा अलिखित कायदा, घड्याळात पाच वाजलेले, आणि सहानंतर तर वसुलीला जाताच येत नाही. भरले ६००. मंगळवारी त्यांनी खरंच परत दिले. इथेच मी फसलो, कारण मला वाटलं की हे चालतं.

मग दुसरी कोणी, मग तिसरी. ग्रुपमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्या मला परत द्यायच्या ते रोख, त्याची पावती कशाची देणार, कारण सिस्टममध्ये तर हप्ता आधीच भरलेला! म्हणजे कागदावर काय दिसतं बघा, तुम्ही बायकांकडून विनापावती पैसे घेताय. ऑडिटवाल्याने विचारलं तर तोंडात शब्द फुटत नाही. आणि हे तर फक्त तुमचं नुकसान झालं, खरं नुकसान पुढे आहे.

ऑगस्ट २०२४ ला आमच्या विश्वामित्री नदीला पूर आला. त्या बेनच्या वस्तीत पाणी शिरलं, लारी उलटी झाली, पीठ, तेल, फ्रीज सगळं गेलं. त्या महिन्याचा आणि पुढचा, असे दोन पूर्ण हप्ते मी भरले. मला वाटलं पुण्य करतोय. नंतर वरून मेल आला की पुरामुळे ज्यांचे हप्ते थकलेत त्यांची यादी पाठवा, मुदत वाढवून द्यायचीय. यादी सिस्टममधून निघाली. त्यात बेनचं नाव नव्हतं. कसं असणार? त्यांचं खातं एकदम चोख होतं, मी चोख ठेवलं होतं. गल्लीतल्या ज्या दोघींनी हप्ता सरळ चुकवला त्यांना सवलत मिळाली, आणि जिच्यासाठी मी खिसा रिकामा केला तिला नाही.

वर क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, रेकॉर्ड स्वच्छ, म्हणून दुसऱ्या एका कंपनीने बेनला लगेच नवीन कर्ज दिलं. ब्युरोला काय माहीत की हप्ता लारीतून आला का माझ्या पगारातून. आता दोन हप्ते आणि लारी बंद. थकबाकी दिसणं वाईट असतं असंच आम्हाला शिकवलंय, पण थकबाकी म्हणजे ताप आहे हो, थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून ताप उतरत नाही.

मग काय करायचं? हप्ता आला नाही तर नाही आला असंच टाकायचं, कारण लिहायचं, मॅनेजरला त्याच दिवशी मेसेज करायचा, तोंडी नाही. तो ओरडेल. ओरडू दे. ६०० आले तर ६०० चीच पावती फाडायची. आणि लारीवाली बाई असेल तर पीएम स्वनिधीबद्दल, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेबद्दल सांगायचं, पालिकेमार्फत बँकेकडून मिळणारं पहिलं कर्ज आता १५,००० पर्यंत आहे, वेळेवर भरलं तर सात टक्के व्याज सरकार परत देतं. आपलं टार्गेट कमी होईल, होऊ दे. याबद्दल माझी मॅनेजरशी भांडणं झालीत आणि मीच बरोबर होतो असं मला आजही वाटतं.

इतकं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका, पहिले चार महिने मीपण रोज संध्याकाळी सुरसागरच्या पाळीवर बसून राजीनामा टाइप करायचो आणि पुसायचो. पाचव्या महिन्यात बायका नावाने ओळखायला लागल्या, मग जरा बरं वाटलं. आपल्या बडोद्याला हे काम नवीन पण नाही, १८८९ ला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथेच अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती, लोकांनी एकमेकांच्या भरवशावर पैसे द्यायचे म्हणून. नावच अन्योन्य. आमच्या ग्रुपचाही पाया तोच, फक्त आता अॅपवर अंगठा लावतात.

इंटरव्ह्यूला गेलात तर शेवटी ते विचारतात, काही प्रश्न आहे का. पगार, पेट्रोल नंतर विचारा, आधी एवढंच विचारा की सेंटरमध्ये एखादा हप्ता आला नाही तर मी त्या दिवशी काय करायचं? समोरचा पावती, नोंद, भेट असं काही सांगायला लागला तर घ्या नोकरी. तो हसून "अरे, तुम्ही मॅनेज कराल हो" म्हणाला तर बाइकला किक मारा आणि घरी या.