प्लेट कोणाची, पैसा कोणाचा: बुटीबोरीत शिकलेलं प्रोजेक्ट कॉस्टिंग

सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले तेव्हा वाटलं होतं, कॉस्टिंग, म्हणजे कशाला किती खर्च लागला याचा हिशेब, आपल्याला येतं. नागपूरजवळच्या बुटीबोरीत, लोखंडी प्लेटा कापून-जोडून वस्तू बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात लागलो आणि महिनाभरात कळलं की येतात ती फक्त गणितं. आता मी अशाच कारखान्यांत ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवणाऱ्या टीममध्ये प्रोजेक्ट कॉस्टिंगचं काम बघतो. सॅप आणि ओरॅकल ही त्यातली मोठी नावं. ओळखीतली पोरं विचारतात, "दादा, सॅप करू की ओरॅकल?" त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण ते दोन ओळींचंच आहे.

आमच्या कारखान्यात टाक्या, डक्ट (हवा वाहून नेणारे मोठे पाइप), चिमण्या, सायलो बनायचे. सगळं ऑर्डरप्रमाणे, एकासारखं दुसरं नाही. बिस्किटाच्या कारखान्यात महिन्याचा खर्च भागिले पुडे केलं की बरंचसं काम होतं. इथे प्रत्येक जॉबची चूल वेगळी, आणि पीठ कोणाच्या डब्यातून घेतलं ते लिहून ठेवावं लागतं. सिस्टीममध्ये जॉबला प्रोजेक्ट म्हणतात आणि त्याच्या तुकड्यांना डब्ल्यूबीएस. टाकीचा तळ एक तुकडा, शेल दुसरा, छप्पर तिसरा, साइटवरची उभारणी चौथा. खर्च या तुकड्यांवर चढतो.

आता माझी फजिती. मे महिना होता. आढाव्यात टाकीचा जॉब मस्त नफ्यात दिसत होता आणि डक्टचा जॉब रक्तबंबाळ. मी तीन पानांची टिपण लिहिली: वेल्डिंगचे तास जास्त, ओव्हरटाइम जास्त, कटिंगमध्ये नासाडी. आलेखसुद्धा काढले. प्लँट हेडनी पहिलं पान वाचलं आणि एवढंच विचारलं, "यार्डात जाऊन आलास का?"

गेलो. दुपारचे दोन, पंचेचाळीस डिग्री, प्लेटवर हात टेकवायची सोय नाही. स्टोअरचे काका पत्र्याच्या सावलीत बसले होते. डक्टच्या जॉबसाठी आणलेल्या 12 मिलिमीटरच्या प्लेटा कुठे आहेत, विचारलं. त्यांनी शेडकडे बोट केलं. "त्या टाकीत लागल्या ना भाऊ. टाकीवाल्याचा माल आला नव्हता, वेल्डर बसून होते. मंग का करतो? प्लेटवर का कोणाचं नाव लिवलं हाय?"

नाव नव्हतं. रंगाने लिहिलेला हीट नंबर (पोलाद कारखान्याचा घाणा क्रमांक) होता, आणि तो टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवला तर प्लेट कोणत्या खरेदीतली ते निघत होतं. आम्ही दोघांनी ते जुळवलं. 2.5 बाय 6.3 मीटरच्या चार प्लेटा. वजन काढायचं शॉपफ्लोअरचं सूत्र काकांनीच शिकवलं: लांबी आणि रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले 7.85. एका प्लेटचं सुमारे 1,484 किलो, चारांचं जवळपास 5,935. खरेदी 62 रुपये किलोने, म्हणजे 3 लाख 68 हजारांचं लोखंड टाकीत गेलं आणि खर्च डक्टच्या नावावर बसला. मग डक्टसाठी तेवढाच माल परत घेतला, या वेळी 68 रुपयांनी. माझ्या टिपणीतली वेल्डिंगची सगळी कहाणी पाण्यात.

नवीन सॉफ्टवेअरच्या प्रेझेंटेशनमध्ये जे दाखवतात त्यातलं निम्मं या चार प्लेटांचंच उत्तर आहे. प्रोजेक्ट स्टॉक म्हणजे गोदामातला माल प्रोजेक्टच्या नावाने वेगळा ठेवणं. ही सोय सॅपमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे. एका प्रोजेक्टने दुसऱ्याकडून उसनं घ्यायचं आणि परत करायचं, हे ओरॅकलच्या जुन्या प्रोजेक्ट मॅन्युफॅक्चरिंगमध्येही होतं. तेव्हा "नवीन फीचर" ऐकलं की लगेच हुरळू नका. आधी विचारा, हे आधी कसं करत होते?

खरोखर बदललं ते पेगिंगच्या, म्हणजे कोणता माल कोणाच्या मागणीसाठी ही गाठ बांधण्याच्या, बाबतीत. प्रोजेक्टनुसार माल वेगळा ठेवला की हिशेब स्वच्छ राहतो, पण खरेदी महागते: तीन जॉबना तीच प्लेट लागत असताना तीन छोट्या ऑर्डरी जातात. मागणी एकत्र करून एकदम घेतली तर भाव चांगला मिळतो, पण मग खर्च कोणाचा किती, यावर भांडण. सॅपच्या एस/4हाना या नव्या आवृत्तीत यासाठी पीएमएमओ नावाचा भाग आहे. याच कामाच्या जुन्या जीपीडी या भागाची जागा त्याने घेतली. साठा सामाईक, पण प्रत्येक पुरवठा कोणत्या डब्ल्यूबीएसच्या मागणीसाठी आहे ही गाठ सिस्टीम बांधून ठेवते आणि खर्च त्या गाठीप्रमाणे वाटते. त्या सहा रुपयांच्या फरकाचे, म्हणजे साधारण साडेपस्तीस हजारांचे, टाकीने भरायचे की डक्टने, हे मात्र माणसांनीच ठरवायचं. आमच्याकडे त्यावर दोन बैठका झाल्या. शेवटी ज्याने उसनं घेतलं त्याने नव्या भावाने फेडायचं असं ठरलं, आणि मला ते आजही बरोबर वाटतं.

दुसरा मोठा फरक वेळेचा. पूर्वी खर्च महिनाभर प्रोजेक्टवर साचायचा आणि महिनाअखेरीला रिझल्ट ॲनालिसिस (किती काम झालं, किती महसूल धरायचा ते काढणं), मग सेटलमेंट (साचलेला खर्च पुढच्या खात्यात टाकणं), अशी रात्रपाळी चालायची. चूक 3 तारखेला झालेली असली तरी सापडायची पुढच्या महिन्यात. आता इव्हेंट-बेस्ड पद्धतीत माल इश्यू झाला, तास चढले की वर्क इन प्रोग्रेस (अपुऱ्या कामाची किंमत) किंवा महसुलाची नोंद त्याच वेळी पडते. ऐकायला छान. पण इश्यू स्लिपवर जॉब नंबर चुकला तर चुकीचा आकडाही तितक्याच चपळाईने मॅनेजमेंटच्या स्क्रीनवर पोचतो.

महसुलावर जरा थांबतो, कारण इंटरव्ह्यूत इथे बरेच अडखळतात. ज्या कंपन्यांना इंड एएस (भारतीय लेखा मानकं) लागू आहेत त्यांच्यासाठी 1 एप्रिल 2018 पासून महसुलाचं मानक, इंड एएस 115, आलं. काम किती झालं हे झालेला खर्च भागिले एकूण अंदाजित खर्च असं मोजता येतं. समजा जॉबचा अंदाज 2 कोटींचा, त्यात 60 लाखांचा ब्लोअर बाहेरून विकत आणायचा. ब्लोअर साइटवर येऊन गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेला, पण बसवायला अजून वेळ आहे. आपलं स्वतःचं काम झालं 20 लाखांचं. सरळ भागाकार केला तर 80 भागिले 200, म्हणजे 40 टक्के काम झालं! प्रत्यक्षात शेडमध्ये एक पेटी उभी आहे. म्हणून असा न बसवलेला माल ठरावीक अटींवर मोजमापातून बाजूला काढतात: 20 भागिले 140, साधारण 14 टक्के. ब्लोअरचा महसूल त्याच्या खर्चाइतकाच धरायचा, नफा नाही. सिस्टीममध्ये हे आपोआप होईल असं समजू नका. ब्लोअरसाठी वेगळा डब्ल्यूबीएस किंवा वेगळा खर्चप्रकार सुरुवातीलाच केला नसेल, तर नंतर एक्सेलमध्ये रात्री जागवाव्या लागतात.

बाहेर गॅल्व्हनायझिंगला (जस्ताचा मुलामा द्यायला) पाठवलेल्या मालाचं थोडक्यात सांगतो. जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाच्या, चलानवर प्रोजेक्ट नंबर टाकायची सवय लावा. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे कच्चा माल सर्वसाधारणपणे वर्षभरात परत यावा लागतो, आणि अकरा महिन्यांनी "हे कोणाचं आहे?" म्हणून शोधाशोध करणं फार वाईट.

आता ते दोन ओळींचं उत्तर. तुमच्या आसपास ज्याचं काम मिळतंय ते करा. सॅपच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, नेहमीचा मेंटेनन्स 2027 अखेर संपतोय, त्यामुळे बदलाची कामं आहेत. महागडा क्लास लावण्याआधी सॅपच्या लर्निंग साइटवरचं फुकटचं साहित्य संपवा, आणि जमलं तर हिंगण्यात किंवा बुटीबोरीत सहा महिने कोणत्याही फॅब्रिकेशन युनिटच्या स्टोअरमध्ये काढा. पगार कमी असेल, घरचे ओरडतील.

माझ्याकडे कोणी इंटरव्ह्यूला आलं की मी ट्रान्झॅक्शन कोड (सॅपमधले स्क्रीन उघडायचे छोटे कोड) विचारत नाही. चार प्लेटांची गोष्ट सांगतो आणि कोरा कागद देतो. बहुतेक जण लगेच नोंदी मांडायला लागतात. मागे एका मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "सर, प्लेट कापून उरलेला तुकडा कुठे गेला?" त्या दिवशी यार्डात हे मला सुचलं नव्हतं. तिला घेतलं.