मातृभाषेचा रकाना भरताना: उल्हासनगरच्या नव्या प्रगणकांसाठी

फेब्रुवारी २०११च्या जनगणनेत माझ्या वाट्याला कॅम्प ४मधली घरं आली होती. आता २०२७च्या जनगणनेला तुम्ही मोबाइल घेऊन निघाल. बाकी सगळं प्रशिक्षणात शिकवतात. मी फक्त भाषेबद्दल सांगते, कारण आपल्या शहरात घोळ तिथेच होतो.

महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधले निर्वासित आले आणि १९४९मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता आजही कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. २०११ला इथे ५,०६,०९८ माणसं मोजली. ती सगळी सिंधी नव्हती, म्हणून आडनाव बघून भाषा लिहू नका. घरातल्या प्रत्येकाची वेगळी विचारा.

प्रश्न असा विचारा: "लहानपणी आई तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायची?" एका घरात आजी म्हणाल्या, "सिंधी." जन्म सिंधमधल्या शिकारपूरचा. मुलाचंही सिंधीच. कॉलेजातला नातू म्हणाला, "हिंदी." आजींचा चेहरा उतरला. पण त्याची आई त्याच्याशी हिंदीच बोलत आली होती, म्हणजे त्याचं उत्तर बरोबर. मी तेच लिहिलं. मग पुढचा प्रश्न, येणाऱ्या इतर भाषा. तो घाईत उरकू नका! "आजीशी काय बोलतोस?" "सिंधी." मग सिंधी तिथे लिहिली. ती नोंद राहून गेली असती तर मला फार लागलं असतं.

कॅम्प ५च्या जीन्स कारखान्यांत दुपारी गेलात तर मशीनच्या आवाजात सगळे "हिंदी" म्हणून मोकळे होतात. रात्री काम थांबल्यावर जा, तिथेच झोपणारी मुलंही भेटतात. "गावी आईशी फोनवर काय बोलतोस?" विचारलं की भोजपुरी निघते. छापील तक्त्यांत भोजपुरी हिंदीखाली धरतात, तरी तिचा आकडा वेगळा येतो. तुम्ही हिंदी लिहिलंत तर तोही जातो. खानदेशातून आलेल्या घरी अहिराणी सांगितली तर अहिराणीच लिहा. बोली की भाषा, हे ठरवणं आपलं काम नाही.

लोक बिचकतात. दिलेली माहिती १९४८च्या जनगणना कायद्याने गोपनीय राहते, हे आधीच सांगा. आणि सिंधी घराच्या दारात "साईं, कीअं आहियो?" म्हणा. मला पाणी न पिता कुणी सोडलं नाही.

न बोलणाऱ्या तान्ह्या बाळाची मातृभाषा? त्याच्या आईची.