सरकारी ऑनलाइन सेवेला अवॉर्ड द्यायचाय? आधी ती अशी तपासा

डिजिटल सरकारी सेवांना पुरस्कार द्यायचे म्हटलं की एंट्री म्हणून येतं काय, तर चकचकीत प्रेझेंटेशन, उद्घाटनाचे फोटो आणि 'अमुक लाख डाउनलोड्स'. तुम्ही परीक्षक असाल किंवा एखाद्या खात्यासाठी नॉमिनेशन लिहीत असाल तर हे सगळं आधी बाजूला ठेवा. सेवा चांगली आहे का हे वापरणाऱ्याच्या बाजूने बसल्यावरच कळतं, आणि त्याला फार टेक्निकल माणूस लागत नाही.

आधी काम कुठे संपतं ते ठरवा

समजा जन्मदाखल्याची सेवा तपासताय, तर फॉर्म सबमिट झाला म्हणजे काम झालं असं धरू नका, दाखला हातात आला आणि पुढच्या ऑफिसने तो मान्य केला की काम झालं. कितीतरी पोर्टलवर फॉर्म ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, आणि मग मेसेज येतो की प्रिंट काढून सही करून ओरिजिनल कागद घेऊन समक्ष या. म्हणजे हेलपाटा आहे तो आहेच, वर टायपिंगचं काम आपल्या गळ्यात.

मग स्वतः वापरा, मुद्दाम चुका करत

साधा फोन घ्या, वायफाय बंद करा. खूप मोठ्या साइजचा फोटो टाका, तारीख उलटसुलट लिहा, आडनावाचा रकाना रिकामा सोडून बघा कारण जगात बऱ्याच लोकांना आडनावच नसतं. आता एरर काय येते ते नीट वाचा. वर लाल अक्षरात 'इनव्हॅलिड इनपुट' एवढंच आलं आणि खाली भरलेला अख्खा फॉर्म पुसला गेला तर निम्मे मार्क तिथेच कापा. बऱ्या सेवेत चुकलेल्या रकान्यापाशीच लिहिलेलं असतं की फोटो एवढ्या साइजपर्यंतच चालेल, आणि खरंच भारी सेवेत ती फोटो स्वतःच लहान करून घेते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. मधेच फोन ठेवून द्या, तासाभराने परत या, भरलेलं शिल्लक आहे का गेलं?

यानंतर ज्याने ही सेवा कधीच बघितली नाही असा माणूस बसवा आणि शेजारी गप्प बसा. हे गप्प बसणं महाकठीण असतं, 'अहो ते खालचं बटण' असं सांगायला जीभ वळवळते, पण तो कुठे अडखळतो तेच तर बघायचंय.

अपंग व्यक्तींना वापरता येते का हेही घरबसल्या बघता येतं. माउस न वापरता नुसत्या कीबोर्डवर फॉर्म पूर्ण होतो का, पेज २०० टक्के मोठं केलं तर काही कापलं जातं का, स्क्रीन रीडर, म्हणजे अंध व्यक्तींना स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बटणाचं नाव वाचतो का नुसतंच 'बटण, बटण' करतो. वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, २०२३ मधे त्यांची २.२ आवृत्ती आली, त्यांच्या डबल ए या मधल्या पातळीला साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ लागतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं त्यात बसत नाहीत, कितीही सुंदर दिसोत. तसं दिसण्याचंच म्हणाल तर ब्रिटनच्या जीओव्ही डॉट यूके या अगदी साध्यासुध्या साइटने २०१३ मधे लंडनच्या डिझाइन म्युझियमचा 'डिझाइन ऑफ द इयर' पुरस्कार घेतला होता.

आकडे मागा, पण नेमके

ब्रिटिश सरकारने सेवा मोजायला चार आकडे ठरवले होते: एका व्यवहाराचा खर्च, लोकांचं समाधान, सुरू करणाऱ्यांपैकी किती जणांनी पूर्ण केलं, आणि एकूण कामांपैकी ऑनलाइन किती. मला विचाराल तर तिसरा सगळ्यात कामाचा. चौथ्यावर डोळे झाकून विश्वास नको, खिडकी बंद केली की ऑनलाइन टक्का आपोआप वाढतोच. अमेरिकेत हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्य विमा घेण्याची सरकारी साइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली, पहिल्याच दिवशी लाखो लोक साइटवर आले आणि विमा घेणं पूर्ण झालं फक्त ६ जणांचं. व्हिजिट्सचा आकडा दाखवला असता तर ती सुपरहिट वाटली असती!

देशांच्या क्रमवारीचंही तसंच, संयुक्त राष्ट्रांचा ई-गव्हर्नमेंट सर्व्हे दर दोन वर्षांनी येतो, २०२४ ला डेन्मार्क पहिला होता, पण त्यावरून एखादी ठरावीक सेवा कशी आहे ते कळत नाही.

काय विचारलं जातं ते मोजा

जी माहिती सरकारकडे आधीच आहे ती परत मागतायत का? एस्टोनियात २००१ पासून एक्स-रोड नावाची व्यवस्था आहे, त्यातून खाती आपापसात माहिती घेतात, नागरिकाला तेच तेच भरावं लागत नाही, शिवाय आपली माहिती कुठल्या खात्याने बघितली हे बऱ्याच नोंदींबाबत त्याला स्वतःला बघता येतं. प्रत्येक रकान्याला 'हे कशाला हवंय?' विचारा आणि उत्तर मिळालं नाही की लिहून ठेवा.

अर्ज फेटाळला तर काय होतं?

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण डेमोमधे हे कुणीच दाखवत नाही. खात्याकडून फेटाळलेल्या अर्जांचे खरे मेसेज मागा, नावं काढून. 'आपला अर्ज नाकारण्यात आला आहे' एवढंच असेल तर माणसाने करायचं काय? कारण काय, कुठला कागद कमी पडला, किती दिवसांत दुरुस्त करता येईल, पटलं नाही तर अपील कुठे, हे त्याच मेसेजमधे हवं. हेल्पलाइनला स्वतः फोन लावा, माणूस उचलतो का, आणि उचलला तर त्याला तुमचा अर्ज दिसतो का, का तोही म्हणतो वेबसाइटवर चेक करा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी काय सोय आहे तेही विचारा. आणि ऑफिसबाहेर पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांची गर्दी असेल तर तुमचा निम्मा रिपोर्ट तिथेच तयार आहे.

कौतुक कुणाचं आणि कधी

लाँच होऊन वर्ष तरी झालेल्या सेवाच घ्या, पहिल्या महिन्यात सगळेच उत्साहात असतात. मानपत्रात वरिष्ठांच्या जोडीला हेल्पलाइनवरच्या आणि अर्ज तपासणाऱ्या टीमचंही नाव घाला, आणि 'अत्याधुनिक', 'क्रांतिकारी' असलं काही न लिहिता आधी किती दिवस लागायचे, आता किती लागतात, कुठली पायरी काढून टाकली, हे लिहा, म्हणजे दुसऱ्या खात्याला उचलता येईल. आणि नियमावलीतच लिहून टाका की लायक एंट्री नसेल तर त्या गटात पुरस्कार दिला जाणार नाही, निकालाच्या वेळी फोन यायला लागले की हेच कलम दाखवता येतं.