बॅकस्ट्रोकला उतरणाऱ्या मुलींसाठी: न दिसणाऱ्या भिंतीचा हिशोब

सोलापुरात पोहायला येणाऱ्या बहुतेक मुली आधी फ्रीस्टाइल शिकतात. बॅकस्ट्रोक म्हणजे दमल्यावर पाठीवर पडून विसावा घ्यायचा प्रकार, असं त्यांना वाटतं आणि घरच्यांनाही. मी शाळेपासून विद्यापीठापर्यंत बॅकस्ट्रोकच पोहले आणि आता पहाटेच्या बॅचला मुलींना शिकवते. ज्यांना ही शर्यत मनापासून करायची आहे, त्यांना मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. या शर्यतीतला वेळ भिंतीपाशी जातो आणि भिंतीपाशीच वाचतो, आणि ती भिंत तुम्हाला पोहताना दिसत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली महिलांची १०० मीटरची फायनल आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर झाली. ऑस्ट्रेलियाची केली मॅकिओन ५७.३३ सेकंदांत पहिली आली. अमेरिकेच्या रीगन स्मिथला ५७.६६ आणि कॅथरिन बर्कॉफला ५७.९८ सेकंद लागले. तिघींमध्ये मिळून पाऊण सेकंदाचंही अंतर नव्हतं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्मिथने ५७.१३ चा विश्वविक्रम केला होता, तरी सुवर्ण मॅकिओनचं. टोकियोत १०० आणि २०० मीटर दोन्ही जिंकून तिने पॅरिसमध्येही दोन्ही राखली. दुसऱ्या दिवशी बॅचला मुलींच्या तोंडी फक्त तिचे हात होते. मी त्यांना ती शर्यत पुन्हा बघायला लावली, पण हातांकडे लक्ष न देता. स्टार्टनंतर डोकं कुठे वर येतं, झेंड्यांखालून गेल्यावर किती हात मारले जातात आणि टर्ननंतर पाय भिंतीवर किती कमी वेळ टिकतात, एवढंच बघायचं. तुम्हीही तसंच बघा.

झेंडे म्हणजे दोन्ही टोकांना, भिंतीपासून ५ मीटरवर, पाण्याच्या १.८ मीटर वर आडवी बांधलेली पताकांची दोरी. झेंडे डोक्यावरून गेले की मोजायला सुरुवात करायची. समजा तुमचे भिंतीपर्यंत पाच हात बसतात, तर टर्नच्या वेळी चौथ्या हाताला पोटावर वळायचं. वळल्यावर नियम एक सलग ओढ घेऊ देतो, एका हाताची किंवा दोन्ही हातांची एकदम. त्या ओढीला लागूनच कोलांटी यायला हवी. पोटावर वळून नुसतं तरंगत भिंतीकडे गेलात की डिस्क्वालिफाय. भिंत सोडताना पुन्हा पाठीवर असायलाच हवं. शेवटच्या भिंतीला मात्र वळायचंच नाही, पाठीवर राहूनच हात लावायचा. म्हणून टर्नची मोजणी वेगळी आणि फिनिशची वेगळी, दोन्ही पाठ हव्यात. ही मोजणी शर्यतीच्या वेगात करा. सावकाश पोहताना हातांचा आकडा वेगळा येऊ शकतो, आणि तो आकडा शर्यतीत घात करतो.

मी शिकले त्या तलावावर झेंडे कायम नसायचे. तुमच्याकडेही नसतील तर वाट बघत बसू नका. दोन्ही बाजूंच्या खांबांना सुतळी बांधा, तिला रंगीत कापडाच्या पट्ट्या लावा आणि ५ मीटर टेपने मोजून घ्या. डोळ्याच्या अंदाजाने बांधू नका, कारण सगळा हिशोब त्या ५ मीटरवर उभा आहे. लेनची दोरी असेल तर तीही खूण देते: भिंतीजवळच्या ५ मीटरमध्ये तिचा रंग बदलतो आणि १५ मीटरवर वेगळ्या रंगाचा गोळा असतो.

१५ मीटरच्या त्या खुणेमागे इतिहास आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ हा अमेरिकन पोहणारा स्टार्टनंतर ३० मीटरहून जास्त अंतर पाण्याखालून डॉल्फिन किकवर, म्हणजे दोन्ही पाय जोडून एकदम मारलेल्या किकवर, कापायचा. त्यानंतर पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा आली. आजच्या नियमानुसार स्टार्ट आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर यावं लागतं. पॅरिसची कांस्यविजेती कॅथरिन ही याच डेव्हिडची मुलगी. नव्या मुलीने लगेच १५ मीटरच्या मागे लागू नये. सहा-सात जोरकस किक मारून वेग शिल्लक असतानाच वर या. पाण्याखाली नाकातून सतत हवा सोडत राहा, नाहीतर पाणी थेट टाळूपर्यंत जातं आणि मुली पाठीवर पोहायलाच घाबरतात.

आता स्टार्ट. हा एकच प्रकार पाण्यातून सुरू होतो: हातांनी ब्लॉकची, म्हणजे काठावरच्या उडीच्या चौथऱ्याची, मूठ धरायची आणि पाय भिंतीला लावायचे. मोठ्या स्पर्धांत पायांखाली छोटी आडवी पट्टी असते. आपल्या जुन्या तलावांच्या फरश्या शेवाळाने निसरड्या होतात, तिथे पाय सटकले की मुलगी भिंतीला घासून सरळ खाली जाते. यावर आपल्या गावातच औषध आहे. सोलापुरी जाड टर्किश टॉवेल ओला करून काठावरून खाली सोडा आणि वर दोघींनी त्याचं टोक पायाखाली दाबून धरा. टॉवेलवर तळपाय पक्के बसतात. मग कंबर पाण्याच्या वर उचलायची, डोकं मागे टाकायचं आणि हात, डोकं, कंबर सगळं एकाच जागेतून पाण्यात घालायचं. पाठ पाण्यावर आपटल्याचा आवाज आला तर कंबर उचललेली नाही.

आपले तलाव उघडे आहेत, हे विसरू नका. आंतरराष्ट्रीय तलाव बहुधा छताखाली असतात, तिथे छतावरच्या रेषा धरून सरळ जाता येतं. आपल्याला वर फक्त आभाळ, आणि एप्रिलमध्ये आठ वाजताच डोळ्यांत घुसणारं ऊन. काळ्या किंवा आरशासारख्या काचांचे गॉगल घ्या आणि डोळ्याच्या कडेने लेनची दोरी धरून पोहा. दिशा बघायला मान वळवली की कंबर बुडते. उन्हाळी सुट्टीत टँकवर जत्रा असते, तेव्हा पाठीवर पोहून दुसऱ्याला धडकण्यापेक्षा कडेला किकचा सराव करा. खरी मेहनत दिवाळीनंतर होते. पाणी गार असतं, पण लेन मोकळी मिळते.

२५ मीटरच्या तलावात सराव होतो म्हणून पालक हळहळतात. मला ते तितकंसं पटत नाही. तिथे १०० मीटरमध्ये तीन टर्न मिळतात, ५० मीटरच्या तलावात एकच. म्हणजे टर्न तुमचे जास्त घोटून होतात. कमी पडतात ते पाय. पुण्याला बालेवाडीच्या तलावात पहिल्यांदा उतरलेल्या मुलीला मधले वीस मीटर संपता संपत नाहीत. म्हणून स्पर्धेआधी न थांबता लांब किकचे सेट वाढवा, आणि जमलं तर आदल्या दिवशीच हुतात्मा एक्सप्रेस पकडून तिथल्या झेंड्यांखाली मोजणी पक्की करा.

दर्जातलं अंतर किती आहे हेही मुलींपासून लपवू नये. टोकियोत अहमदाबादच्या माना पटेलने १०० मीटर १ मिनिट ५.२० सेकंदांत पूर्ण केलं. मॅकिओनची सुवर्णाची वेळ ५७.४७ होती. पावणेआठ सेकंदांचा हा फरक ऐकून काही मुली गप्प होतात. मला तो आकडा आवडतो, कारण तो तुकड्यातुकड्यांनी कमी करता येतो, आणि पहिले तुकडे स्टार्टमध्ये आणि टर्नमध्येच सापडतात.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर बॅकस्ट्रोकही असेल. त्यात टर्न नाही, सगळी भिस्त स्टार्ट, पाण्याखालचे १५ मीटर आणि फिनिशवर. आखूड पल्ल्यात चमकणाऱ्या मुलींनी हे ध्यानात ठेवावं.

शालेय स्पर्धांचा रस्ता जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य असा जातो. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात आणि राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना, ते आताच बघा. नाव शाळेमार्फतच जातं, तेव्हा जूनमध्ये शाळा उघडली की क्रीडाशिक्षकांना गाठून सांगा, ‘सर, मला बॅकस्ट्रोकला नाव द्यायचंय.’ जलतरणाचा फॉर्म कुणी मागितलाच नाही, तर कित्येक शाळा तो भरतच नाहीत.