स्क्रिम मिळेनासे झाले? मग या चुका टाळा

पुण्यातल्या कॉलेजच्या ऑनलाइन गेमिंग टीम्ससाठी मी स्क्रिम, म्हणजे दोन टीम्समधले सरावाचे सामने, आणि छोट्या स्पर्धा भरवतो. "दादा, आम्हाला कुणी स्लॉटच देत नाही" हा मेसेज सारखा येतो, म्हणजे सामन्यात जागा मिळत नाही. पोरांना वाटतं रँक कमी पडतोय, एम, म्हणजे नेम, कच्चा आहे. दहातल्या नऊ वेळा कारण वेगळंच असतं. समोरच्या टीमला तुमच्याशी पुन्हा खेळायची इच्छाच उरलेली नसते. टीमला सहा महिनेही झालेले नसतात आणि पोरं मोठ्या स्ट्रीमरची ट्रॅश टॉक (समोरच्याला डिवचणं) तेवढी आधी उचलतात, त्याची रोजची प्रॅक्टिस कुणी उचलत नाही.

मेलो की "हॅकर!" म्हणून बोंब ठोकणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच अशा बंदुकांच्या गेममध्ये कोपऱ्यावर तुम्ही दबा धरून उभे आहात, समोरचा बाहेर येतो आणि तुम्ही ट्रिगर दाबायच्या आत तुम्हाला पाडतो. लगेच ऑल चॅटमध्ये, म्हणजे दोन्ही टीम्सना दिसेल असं, "रिपोर्ट करा रे याला". अहो, तो हलतोय आणि तुम्ही थांबलेले आहात. त्याची हालचाल सर्व्हरवरून तुमच्या स्क्रीनवर पोचेपर्यंत त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. याला पीकर्स ॲडव्हान्टेज म्हणतात. त्यात तुम्ही हॉस्टेलच्या वायफायवर, पाचवा गडी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. पावलांचा आवाज त्याने हेडफोनमध्ये ऐकला असेल, साथीदाराने तुमची जागा ओरडून सांगितली असेल, ते वेगळंच.

खरी चीटिंग होते, नाही कुठे म्हणतोय मी? 2018 साली शांघायला काउंटर-स्ट्राइक या गेमच्या स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चीट, म्हणजे फसवून खेळायचं सॉफ्टवेअर, सापडलं, फाइलचं नाव होतं 'वर्ड डॉट ईएक्सई'. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली आणि त्याच्या ऑप्टिक इंडिया या संस्थेने अख्खी टीम मोडीत काढली. म्हणजे ज्यांनी काही केलं नव्हतं ती चार पोरंही रस्त्यावर आली. पण हे उघडकीला आलं ते चालू सामन्यात पंचांनी मशीन तपासलं म्हणून. आरडाओरडा करून नाही.

माझ्याकडे नियम साधा आहे. संशय आला तर सामना पूर्ण खेळा, क्लिप कापा, कोणता राउंड आणि कोणती वेळ ते लिहा आणि फक्त ॲडमिनला पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन टाकलेली तक्रार मी उघडूनही बघत नाही. एकदा एखाद्या पोरावर 'हॅकर' हा शिक्का बसला की तो निर्दोष ठरला तरी लॉबीत, म्हणजे सामन्यासाठी खेळाडू जमतात त्या ऑनलाइन खोलीत, लोक त्याला तेच म्हणत राहतात.

समोरच्याची लाइट गेली, तो आपला फायदा समजणं

पावसाळ्यातली गोष्ट. व्हॅलोरंटची सेमीफायनल, एक टीम नऱ्ह्याच्या हॉस्टेलवरून खेळत होती, दुसरी कोथरूडची. नऱ्हेवाले 10-8 ने पुढे. तेवढ्यात त्यांच्या एका मजल्याची लाइट गेली आणि दोघे लॉबीतून उडाले. त्यातला एक कॅप्टन. उरलेल्या तिघांनी चॅटमध्ये "पॉझ, पॉझ" लिहिलं. कोथरूडच्या कॅप्टनचं म्हणणं, नियमाप्रमाणे पॉझ कॅप्टननेच मागायचा. कॅप्टन अंधारात बसून मला फोन लावतोय आणि इकडे तिघांविरुद्ध पाच असे राउंड चाललेत. कोथरूडवाले सलग पाच राउंड घेऊन 13-10 ने जिंकले आणि वर "ईझी" लिहून मोकळे झाले.

नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर ते बरोबर होते, म्हणून निकाल तसाच राहिला. पण त्या रात्रीचा स्क्रीनशॉट पुण्यातल्या प्रत्येक टीमच्या ग्रुपवर फिरला. नंतर त्यांना कुणी स्क्रिम देईना. रँक्ड, म्हणजे रँकसाठी अनोळखी लोकांविरुद्ध, खेळून टीमचा खेळ बसत नाही, त्यासाठी समोर बांधलेली टीम लागते. काही महिन्यांनी "दादा, स्लॉट बघा ना" म्हणून मेसेज आला तो याच कॅप्टनचा. आता माझ्या स्पर्धेत फोनवर मागितलेला पॉझही चालतो आणि तो टीममधला कुणीही मागू शकतो. तरी माझं मत विचाराल तर समोरचा गडी लॉबीतून उडाला की नियम शोधत बसू नका, आधी थांबा.

बदल्याचा ड्रॉप

बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळणाऱ्यांसाठी. पहिल्या मॅचला कुणीतरी तुम्हाला नकाशावरच्या पोचिंकी गावात लवकर संपवलं, म्हणून पुढची प्रत्येक मॅच त्यांच्याच ड्रॉपवर, म्हणजे पॅराशूटने उतरायच्या जागेवर, उडी मारायची. पहिल्या नंबरला 10 गुण, फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या प्रत्येक गड्याला, एकेक. तुम्ही दोघं एकमेकांना संपवता आणि उरलेल्या चौदा टीम्स आरामात गुण वेचतात. ड्रॉपवरून वाद असेल तर दोन आयजीएलनी (खेळताना टीमला सूचना देणाऱ्यांनी) सामन्याआधी बोलून घ्यावं.

बाकीचं थोडक्यात

रूमचा आयडी-पासवर्ड बाहेरच्या मित्राला देऊ नका. समोरच्याचं स्ट्रीम उघडून त्याची जागा बघणं ही चोरीच आहे. पाडलेल्या गड्यावर चिडवायला उठाबशा काढू नका. कोल्हापूरच्या पोराने "मर्दा" म्हटलं की खिदळणारी पुण्याची टीम मला डोळ्यांसमोर नको. समोर मुलगी खेळत असेल तर तिच्या आवाजावर एक शब्द नको. आईबहिणीवरून शिवी आली की माझ्याकडे ताकीद नसते, थेट स्लॉट जातो.

आणि हरल्यावर ताडकन लॉबी सोडणं. 2022 च्या डिसेंबरात केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलं, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याची पदकंही होती. घरच्यांना पटवताना हे सगळं आपण सांगतो. मग कबड्डीत शेवटची शिट्टी वाजल्यावर दोन्ही संघ हात मिळवतात, तसं "जीजी" (गुड गेम) लिहायला काय जातं?

आधीच बिघडवून ठेवलं असेल तर

ग्रुपवर लांबलचक माफीनामा टाकू नका, तिथे तमाशाच होतो. कॅप्टनने समोरच्या कॅप्टनला स्वतः फोन करावा, शक्यतो दुसऱ्याच दिवशी. काय केलं ते नाव घेऊन सांगा: "पॉझ द्यायला हवा होता, आम्ही दिला नाही." पुढच्या स्क्रिमची वेळ आणि मॅप त्यांना निवडू द्या. लगेच हो म्हणतील अशी घाई करू नका. नवख्या पोरांना माफीचं फळही त्याच संध्याकाळी हवं असतं. आणि "पण तुमच्या त्या पोरानेही..." हे वाक्य तोंडापर्यंत आलं तर तिथेच गिळा, नाहीतर फोन करूच नका.